सुप्याच्या माळावर, उंदरांच्या वाटेनं

दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव करत सुप्याला पोहोचलो, तेव्हा ऊन नुकतंच माळावर पसरत होतं. पुण्याहून इथं लोक येतात ते मयूरेश्वर अभयारण्यातले चिंकारे बघायला. मी मात्र हद्दीबाहेरच्या गायरानात थांबलो. मला गवतातले उंदीर शोधायचे होते.

कुसळी पिवळी पडली होती. खाली बसून गवत अलगद बाजूला केलं, की बारीक बोळी दिसू लागतात. झुडपाच्या बुंध्यापासून निघालेल्या, कुरतडलेल्या काड्यांनी भरलेल्या. हे काम गोलुंडा जातीच्या उंदराचं. उत्तर अमेरिकेतल्या कुरणांतले व्होल नावाचे उंदरासारखे छोटे प्राणीही गवतात अशाच वाटा पाडतात, हिवाळ्यात तर बर्फाखालून. दोघांची कुळं वेगळी, पण गवतात लपून जगायची रीत एकच. थोडं पुढं, मुरमाड जागेत, काटेरी केसांच्या उंदराचं बीळ होतं. तोंडाशी नीट गोळा केलेले खडे. इतक्याशा जिवानं एकेक खडा तिथं आणलाय, हे बघून मी बराच वेळ हललो नाही.

एवढ्यात कापशी घार आली. लाल डोळ्यांची, वरून करडी, खालून पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबली, पाय खाली सोडून उतरली आणि उंदीर घेऊन बाभळीवर गेली. रात्री याच गवतातल्या उंदरांवर घुबडं आणि खोकड जगतात. मेंढरं घेऊन आलेले एक आजोबा लांबूनच म्हणाले, "दादा, बिळात हात घालू नगा. उंदरामागं फुरसं असतंय." माळाची अख्खी साखळी त्यांनी एका वाक्यात सांगितली.

उंदीर गवताचं मांस करतो, म्हणून एवढे शिकारी इथं टिकतात. बिळांमुळं माती भुसभुशीत राहते, पाऊस आत मुरतो. तरी आपण या जमिनीला पडीक म्हणतो, तिच्यावर झाडं लावतो, प्लॉट पाडतो, याचा मला खरोखर राग येतो. अभयारण्य तर जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. बाकीचा माळ असाच उघडा पडलेला आहे.

जाणार असाल तर नोव्हेंबर-डिसेंबरात जा, उजाडता पोहोचा, बूट घाला. आणि गाडी रस्त्यावरच ठेवा. गवतात घातली, तर त्या बोळी चाकाखाली दबतात.