ब्रेक वाजत असतील तर नवे पॅड घेण्यापूर्वी

आमच्या सात आसनी एसयूव्हीचे पुढचे ब्रेक पावसाळा संपताच वाजू लागले. हलका ब्रेक लावला की डाव्या बाजूने बारीक, कर्कश ‘कुईं’ असा आवाज येई आणि पेडल जोरात दाबले की तो थांबे. गॅरेजमध्ये चाक न उघडताच ‘पॅड बदलून टाका’ असे उत्तर मिळाले. घरातील लहानथोर सगळे ज्या गाडीतून घाट उतरतात, तिच्या ब्रेकबाबत एवढ्यावर निर्णय घेणे मला योग्य वाटत नाही. पॅडची झीज हे आवाजाच्या अनेक कारणांपैकी केवळ एक कारण आहे, आणि मूळ कारण तसेच ठेवून नवे पॅड बसवले तर तेही पुन्हा वाजू लागण्याचा संभव असतो.

चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबला जातो तेव्हा तो क्षणभर पकड घेतो, निसटतो आणि पुन्हा पकडतो. ही क्रिया सेकंदाला हजारो वेळा घडू लागली की पॅड, ते डिस्कवर दाबणारा कॅलिपर आणि डिस्क मिळून कंप पावतात. फळ्यावर खडू किंचाळतो त्यामागेही हेच कारण असते. पॅडच्या बैठकीतील ढिलेपणा, पृष्ठभागावर आलेली चकाकी, कॅलिपरची अडखळती हालचाल, यांपैकी कशानेही हा कंप वाढू शकतो. म्हणून आवाज कोणत्या चाकातून येतो, ब्रेक लावल्यावर येतो की न लावताही येतो आणि गाडी गार असताना येतो की तापल्यावर, हे पाना हातात घेण्यापूर्वीच लिहून ठेवावे.

पावसात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा पहिल्या दोन-चार ब्रेकपुरता येणारा आवाज डिस्कवर चढलेल्या पातळ गंजाचा असतो. त्यावर काही करावे लागत नाही. ब्रेक न लावता पत्रा घासल्यासारखा आवाज आला तर डिस्क आणि तिच्यामागचे धूळरोधक पत्र्याचे आवरण यांच्यामध्ये बहुधा खडा अडकलेला असतो. बऱ्याच पॅडना एक लहानशी धातूची पट्टी असते. नव्या पॅडवरील घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो झिजून २ ते ३ मिलिमीटरवर आला की ही पट्टी डिस्कला टेकते आणि मुद्दाम आवाज करते. मात्र ‘खर्र’ असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला असेल तर गाडी चालवू नये, ती उचलून गॅरेजमध्ये न्यावी.

आमचा आवाज यांपैकी कशातच बसत नव्हता. सपाट जागेवर मागच्या चाकांना अडण लावून, नट आधी सैल करून आणि गाडी जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवून चाक काढले. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे हा जिवाशी खेळ आहे, हे घरी काम करणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगतो. बाहेरचा पॅड चांगला जाड होता. आतला त्याच्या निम्माही उरला नव्हता, आणि त्यातच सगळे उत्तर होते. आमच्या गाडीसारख्या सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे सरकणारा दट्ट्या, फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली की हे सरकणे बंद पडते, भार आतल्या पॅडवर येतो आणि ब्रेक सोडल्यावरही तो डिस्कला घासत राहतो. आमच्या कॅलिपरच्या खालच्या पिनेचे रबरी बूट, म्हणजे तिच्यावरचे आवरण, फाटले होते, आत पाणी शिरून ग्रीस सुकले होते आणि पिन गंजली होती.

पॅड बदलावे लागलेच, आणि ते दोन्ही पुढच्या चाकांचे, कारण एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक असमान लागतात. परंतु खरी दुरुस्ती पिनेची होती. पिन व तिचे भोक ब्रेक क्लीनरने स्वच्छ करून नवे बूट बसवले आणि उष्णता सोसणारे सिलिकॉन ग्रीस लावले. साधे पेट्रोलियमचे ग्रीस येथे चालत नाही, कारण त्याने रबर फुगते. पॅड ज्या क्लिपांवर सरकतो त्यांच्याखालचा गंज घासून काढला. पॅडच्या पाठीला ब्रेकसाठीच्या ग्रीसचा पातळ हात दिला. घर्षणाच्या बाजूला मात्र बोटाचाही तेलकटपणा लागू देता कामा नये. कॅलिपर ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर (होजवर) लोंबकळत न ठेवता तारेने बांधून ठेवावा, आणि पिस्टन मागे ढकलताना टाकीतील ब्रेक ऑइल वर चढते, तिकडे लक्ष असू द्यावे. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते; मोजमाप त्याखाली गेले असेल तर डिस्कही बदलावी. ब्रेकची धूळ हवेने फुंकू नये, ती श्वासावाटे आत जाते.

चाक बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहणे अत्यावश्यक आहे, अन्यथा पहिल्याच वेळी ब्रेक लागत नाही. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १०-१५ पर्यंत वेग मध्यम दाबाने अनेकदा उतरवला, मध्ये ब्रेक गार होऊ दिले, आणि पॅड डिस्कवर नीट बसले. आवाज गेला.

ताम्हिणीसारखा घाट उतरताना पायथ्यापर्यंत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्यांचे पॅड तापून चकाकतात आणि नवे असूनही वाजतात. तेथे दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. सर्व्हिसिंगला गाडी देताना मी आता दोन गोष्टी जॉब कार्डवर लिहून घेतो: गाइड पिना काढून त्यांना ग्रीस करणे, आणि प्रत्येक चाकाच्या आतल्या व बाहेरच्या पॅडची जाडी वेगवेगळी नोंदवणे.