कंटेनर होते, ठावठिकाणा नव्हता

२७ जून २०१७, मंगळवार. १ जुलैपासून जीएसटी लागू होणार होता. न्हावा-शेवा बंदरातल्या आमच्या सीएचए (आयात-निर्यातदारांचं कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटच्या) कचेरीत प्रत्येक निर्यातदाराला माल महिना संपायच्या आत बाहेर काढायचा होता. संध्याकाळी ट्रेलरवाल्यांचे फोन सुरू झाले. गेटवर फॉर्म-१३ (निर्यातीचा कंटेनर टर्मिनलच्या आत नेण्याचा परवाना) घेत नाहीत, रांग हलत नाही. आधी वाटलं सर्व्हर डाउन असेल, तासाभरात सुरू होईल. पण शिपिंग लाइनच्या कचेरीतले फोन उचलले जात नव्हते, ईमेल परत येत होते आणि बुकिंगचं संकेतस्थळ उघडत नव्हतं. रात्री बातमी आली की जेएनपीटीतलं, म्हणजे न्हावा-शेवा बंदरातलं, आमचा माल अडकलेलं टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क या जहाज समूहावर जगभर सायबर हल्ला झाला आहे.

क्रेन शाबूत होत्या, धक्का शाबूत होता, वीज होती. गेली ती फक्त माहिती, म्हणजे कुठला कंटेनर कुठल्या ब्लॉकमध्ये, कुठल्या रांगेत, कितव्या थरावर आहे ही. यार्डात पाच-पाच कंटेनर एकावर एक रचलेले असतात. तळातला हवा असेल तर वरचे चार हलवावे लागतात, आणि तळातला नेमका कुठला हेच कळत नसेल तर आरटीजी क्रेन (यार्डात कंटेनर उचलणारी चाकांवरची क्रेन) चालवून करणार काय? आलेल्या ट्रेलरला जागेची चिठ्ठी देता येत नाही, म्हणून तो गेटवर थांबतो आणि त्याच्या मागे पूर्ण रस्ता तुंबतो. संकरित युद्ध (सैन्याबरोबर सायबर हल्ल्यांसारखी आडवाटेची हत्यारं वापरणारं युद्ध) म्हणजे काय असं आज विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी हा यार्ड समजावून सांगतो.

हे हत्यार आपल्यासाठी नव्हतंच. २०१४ पासून रशिया आणि युक्रेन यांच्यात जो संघर्ष चालू होता, त्यातलं ते. युक्रेनमधल्या कंपन्या कर भरण्यासाठी एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरत. हल्लेखोर त्याच्या अपडेट सर्व्हरमध्ये शिरले आणि काही अपडेटमधून चोरवाट आत सोडली. तिच्यातून २७ जूनला नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम सुटला. दुसऱ्या दिवशी युक्रेनचा संविधान दिन होता. युक्रेनमध्ये ज्या कंपन्यांचं काम होतं, त्यांच्या अंतर्गत नेटवर्कमधून तो देशोदेशीच्या कचेऱ्यांत पोहोचला. इंटरनेटवर सैरावैरा पसरणारा वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम दीड महिन्यापूर्वी येऊन गेला होता. हा तसा नव्हता. हा नेटवर्कच्या आतल्या आत फिरायचा.

“आम्ही पॅच टाकला होता, तरी कसं काय?” हा प्रश्न तेव्हा बऱ्याच ठिकाणी ऐकला. नॉटपेट्या विंडोजमधल्या ज्या फटीतून शिरायचा ती बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. पण नॉटपेट्याकडे दोन किल्ल्या होत्या. इटर्नलब्लू नावाच्या पद्धतीने पॅच न टाकलेलं एखादं यंत्र तो फोडायचा. मग त्या यंत्राच्या मेमरीत पडलेले पासवर्ड उचलायचा. तिथे कधी अ‍ॅडमिनने लॉगिन केलेलं असेल, तर त्याच पासवर्डने तो पॅच टाकलेल्या यंत्रांतही रीतसर दरवाज्यातून शिरायचा. म्हणजे शंभरातली नव्याण्णव यंत्रं नीट ठेवली आणि एक विसरलं, तरी नेटवर्क सपाट, म्हणजे आत कप्पे न पाडलेलं, असेल तर शंभरही जातात. शिरल्यानंतर साधारण तासाभराच्या आत यंत्र आपोआप रीस्टार्ट व्हायचं, डिस्क तपासणीसारखा दिसणारा खोटा पडदा यायचा, आणि त्याच्या आड फायलींची मूळ यादीच कूटबद्ध होत असे. तो पडदा दिसताक्षणी ज्यांनी प्लग उपटला त्यांच्याकडे काहीतरी उरलं.

शेवटी ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागणारा संदेश यायचा. तो मुखवटा होता. पडद्यावर दाखवलेला ओळखक्रमांक निव्वळ यादृच्छिक असायचा. त्यावरून किल्ली काढणं हल्लेखोरालाही शक्य नव्हतं. पैसे भरून काहीही परत मिळणार नव्हतं. खंडणीच्या वेषामुळे मात्र पहिले काही दिवस हा गुन्हा आहे की युद्ध, हे ठरवता आलं नाही, आणि अशा हल्ल्याचं अर्धं बळ त्या संभ्रमातच असतं.

आमच्या कचेरीत त्या रात्री जे केलं ते साधंच होतं. सगळ्या कंटेनरांचे तीन गठ्ठे केले: गेटबाहेर अडकलेले, आत गेलेले पण जहाजावर न चढलेले, आणि आयातीचे, डिलिव्हरी न मिळालेले. प्रत्येकापुढे शेवटचा कागदी पुरावा आणि त्याची वेळ लिहिली. गेटबाहेरचा गठ्ठा सोपा. कस्टम्सच्या लेखी न्हावा-शेवा हे एकच बंदर आहे, त्यामुळे दुसऱ्या टर्मिनलवर नेताना शिपिंग बिलावरचं (निर्यातीच्या कस्टम्स कागदावरचं) बंदर तेच राहतं. नवा फॉर्म-१३ आणि लाइनची परवानगी लागते. लाइनची माणसं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर आणि खासगी जीमेलवर काम करत होती. इथे एक सावधगिरी लागते. अशा गोंधळात “आमचं बँक खातं बदललं आहे” असा ईमेल आला, तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पैसाही पाठवायचा नाही.

आत गेलेल्यांतले रीफर, म्हणजे शीतकंटेनर, सर्वांत नाजूक. उणे १८ अंशांवरचा माल प्लग लावलेला आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन यंत्राच्या पडद्यावर पाहावं लागतं. त्यासाठी कंटेनर सापडायला हवा, आणि हाताने लिहिलेल्या याद्यांत आकडे उलटसुलट होतात. त्यावर कंटेनर क्रमांकातला अकरावा आकडा कामी येतो. तो तपासणीचाच असतो. अक्षरांना १० ते ३८ अशा किमती द्यायच्या, त्यात ११, २२, ३३ वगळायचे. पहिल्या स्थानाला १ ने, मग २, ४, ८ असं दुप्पट करत दहाव्याला ५१२ ने गुणायचं. बेरजेला ११ ने भागून उरलेली बाकी म्हणजे अकरावा आकडा, आणि बाकी १० आली तर ०. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवलं की चुकलेला क्रमांक लगेच लाल दिसतो.

नंतर प्रसिद्ध झालेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मर्स्कचे जगभरातले डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवर कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणारे सर्व्हर) एकमेकांची प्रत ठेवत, त्यालाच बॅकअप मानलं होतं, पण हल्ल्यात ते एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त घानातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागल्याचं समूहाच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितलं. सतत जोडलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. एक प्रत तोडून ठेवलेली हवी.

ब्रिटन आणि अमेरिकेने रशियन लष्कराकडे उघड बोट दाखवलं ते फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे जवळपास आठ महिन्यांनी. रशियाने इन्कार केला. पण युद्ध म्हटलं की विमा अडतो. नॉटपेट्याचा फटका बसलेल्या मोंडेलीझ या खाद्यपदार्थ कंपनीचा १० कोटी डॉलरचा दावा युद्ध-अपवादाच्या (युद्धातलं नुकसान भरून न देण्याच्या) कलमावर नाकारला गेला, खटला झाला, तडजोड २०२२ मध्ये झाली. मर्क या औषध कंपनीच्या अशाच दाव्यात मात्र न्यू जर्सीच्या न्यायालयांनी ते कलम लागू होत नाही असं म्हटलं. नाशिकच्या कांदा निर्यातदारापासून रायगडच्या मासळीवाल्यापर्यंत सगळ्यांना मी एकच सांगतो. आपल्या सागरी मालविम्याच्या पॉलिसीला सीएल ३८० हे सायबर-अपवादाचं कलम जोडलेलं आहे का ते पाहा, आणि असेल तर ब्रोकरला लेखी विचारा की टर्मिनलची प्रणाली बंद पडल्याने रीफरमधला माल खराब झाला तर दावा मिळेल का. तोंडी उत्तर घेऊ नका.