तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला दिवा पेटलाय?

"काकू, दिसत नाही तर राऊटर कसा लावता हो तुम्ही?" लग्नाच्या पंगतीत, गुहागर स्टँडवर एसटीची वाट बघताना, एकदा तर आरतीनंतर हातावर प्रसाद ठेवता ठेवता मला हे विचारून झालंय. वाडीत नेट बंद पडलं की पोरं माझ्याकडेच येतात, तेव्हा प्रश्न रास्त आहे.

वायरी कुठे खोचायच्या ते बोटांना कळतं. खरं काम राऊटरच्या पोटातल्या पानावर. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, पासवर्ड द्यायचा, की वायफायचं नाव, चॅनल, सगळं तिथे. ते पान मी लिंक्समध्ये उघडते. (मराठीत लिहिलं की दोन ब्राउझरांचं नाव एकच होतं. स्पेलिंगात वाय असलेला तो माझा.) कॅन्सस विद्यापीठात १९९२ साली जन्मलेला हा ब्राउझर नुसती अक्षरं दाखवतो, माऊस लागत नाही. खालचा बाण दाबला की पुढची लिंक, उजवा दाबला की तिच्या आत. स्क्रीन रीडर वाचत जातो, मी ऐकत जाते.

माझा पहिला राऊटर गुणी होता. पान उघडलं की 'फ्रेम' म्हणून तीन लिंका यायच्या. मेनूवाली धरायची, वायरलेसमध्ये शिरायचं, हवं ते बदलायचं, सेव्ह. शेजारचा नि आमचा राऊटर दोघेही चॅनल ६ वर भांडत होते, आमचा मी ११ वर नेला, दोन मिनिटांत. मग एका मे महिन्यात वळीव आला. सासूबाई ओरडत होत्या, "गडगडतंय, वायर काढ गो!" मी म्हटलं, एवढं पान भरते नि काढते. वीज कुठेशी पडली नि राऊटर गेला.

नवा आला तो फायबरवाल्यांचा डबा. लॉगिन झालं, आणि पुढे पान कोरं. मेनू सगळा जावास्क्रिप्टने, म्हणजे पानातच दडलेल्या, ब्राउझरने चालवायच्या प्रोग्रॅमने रचलेला, आणि लिंक्सला जावास्क्रिप्ट येतच नाही. पण उलटी तिरकी रेघ दाबली की लिंक्स पानाचा कच्चा मजकूर दाखवतो. तो मी सबंध ऐकला, कंसांसकट. त्यात पानांचे पत्ते सापडले. मग जी दाबायचं आणि पत्ता हाताने टाकून थेट आत. पुढचं दार बंद असलं तर मागच्या पडवीतून जातो तसं. आत वायरलेसचं पान दिसलं, चौकटी भरल्या, सेव्हवर आले आणि ढिम्म. ते बटणही जावास्क्रिप्टचंच.

एडब्राउझही लावून बघितला. अंध प्रोग्रॅमर कार्ल डाल्के यांनी लिहिलेला हा ब्राउझर पान ओळीओळीने हाताळतो आणि त्याला थोडंफार जावास्क्रिप्टही चालवता येतं. या डब्यापुढे त्यानेही हात टेकले. मोठ्या ब्राउझरमध्ये गेले तर स्क्रीन रीडर म्हणतो, "बटण, बटण, बटण." कशाचं बटण ते लिहिणाऱ्याने लिहिलेलंच नाही. तिथे माझ्या डोळ्यांचा काय दोष?

शेवटी त्या डब्याला फक्त फायबर सांभाळायला ठेवलं आणि त्याच्या मागे स्वतःचा राऊटर जोडला, ओपनडब्ल्यूआरटी घातलेला. ही राऊटरसाठीची, २००४ पासून चालत आलेली फुकटची प्रणाली. पानबीन उघडायचंच नाही, एसएसएचने, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या वाटेने, कॉम्प्युटरवरून राऊटरच्या आत जायचं नि हुकूम लिहायचे: यूसीआय सेट, यूसीआय कमिट, वायफाय रीलोड. चूक झालीच तर ओळीत सापडते.

डबा मात्र एका गोष्टीला कामाचा निघाला. नेट गेलं की हेल्पलाइनवरची मुलगी पहिलं विचारते, "मॅडम, कुठला दिवा पेटलाय?" शेजारच्या पोराला बोलावून विचारलं, तर म्हणाला, "कधी लाल, कधी हिरवा." यातून कुणाला काय कळणार! त्या कच्च्या मजकुरात मला फायबरच्या माहितीचंही पान मिळालं होतं. त्यात बटणं नाहीत, नुसता तक्ता, त्यामुळे लिंक्स ते सुरेख वाचतो. एका ओळीत आरएक्स पॉवर, म्हणजे वायरीतून किती उजेड पोचतोय ते. आमचा एरवी उणे २१-२२ असतो. साधारण उणे २७ च्या खाली गेला की गडबड सुरू. त्या दिवशी उणे २९ होता. मी लाइनमनला फोन करून आकडा सांगितला. त्याला वाटलं कुणीतरी वाचून दाखवतंय. वायर धरत धरत गेला, तर दोन घरं पलीकडे माडाची झावळ पडून ती खांबाशी काटकोनात मुडपलेली.

आता पावसाळ्यात तो खांबावर चढला की वरूनच फोन लावतो, "काकू, बघा हो, किती दाखवतोय?"

"थांब, परत उघडते. उणे २२."

"मग उतरतो."