शुक्रवारची वही: यंदाचा हंगाम

मार्च

वहीचं हे चौथं वर्ष. आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी पद्धत सांगतो. दर शुक्रवारी बीबीसीवर ‘गार्डनर्स वर्ल्ड’ हा बागकामाचा कार्यक्रम बघायचा. त्यांनी काय दाखवलं ते डाव्या पानावर, आणि त्यातलं मी माझ्या मागच्या अंगणात काय केलं ते उजव्या पानावर. अंगण इंग्लंडच्या मिडलंड्समधलं, माती चिकण. पावसाळी दिवसांत चिखल आणि जुलैत वीट. उजवं पान कोरं राहिलं तर तो भाग माझ्यापुरता वाया गेला. कार्यक्रमाचा दर्जा घसरला की नाही, या वादात मी या कोऱ्या पानांच्या जोरावर बोलतो.

गेल्या वर्षी कोरी पानं वाढली. बायकोचं मत: ‘तुझं अंगण भरलंय, करायला उरलंय काय?’ तेही नोंदवून ठेवतो.

एप्रिल

ॲलॉटमेंटवर (भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यांवर) माझ्या शेजारचे आजोबा हा कार्यक्रम 1968 साली सुरू झाला तेव्हापासून बघतात. त्यांच्या लेखी तो सुरुवातीच्या काळातले निवेदक पर्सी थ्रोअर यांच्याबरोबरच संपला. थ्रोअर टाय लावून काम करायचे, कोट काढून ठेवला की माणूस कामाला लागला हे कळायचं. 1976 साली एका रसायन कंपनीच्या जाहिराती स्वीकारल्या म्हणून बीबीसीने त्यांना कार्यक्रमातून काढलं. हा राग आजोबा अजून जपून आहेत, त्यांच्या रूबार्बसारखा: दरवर्षी त्याच जागी नव्याने फुटतो.

त्यांच्या मुलीचे देव वेगळे. तिच्यासाठी नंतरचे निवेदक जेफ हॅमिल्टन म्हणजेच कार्यक्रम. घरच्या लाकडात फ्रेम ठोकायची, टाकाऊ वस्तूंतून काम भागवायचं, आणि पीट (दलदलीतून खणून काढलेली कुजकी माती) वापरू नका हे इतरांच्या खूप आधी सांगायचं. 1996 च्या ऑगस्टमध्ये साठीला काही दिवस उरले असताना ते गेले. माझ्यासारख्यांनी बघायला सुरुवात केली ती त्यानंतरचे निवेदक माँटी डॉन आणि त्यांच्या कुत्र्यांपासून. म्हणजे प्रत्येकाला आपण शिकलो तोच काळ सोन्याचा वाटतो, असं म्हणून हा वाद मिटवता येईल. पण मला ते पटत नाही. त्याबद्दल जूनमध्ये.

मे

चेल्सी चॉप. मेअखेर, लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास, उशिरा फुलणाऱ्या बहुवर्षायू झाडांचे शेंडे तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत छाटायचे. झाड बुटकं, दाट होतं आणि थोडं उशिरा फुलतं. माझे सेडम या उशिरा फुलणाऱ्या झाडाचे चार गड्डे. दोन छाटले, दोन तसेच ठेवले. कात्री लावताना जीव वरखाली झाला, कारण बाग नुकती कुठे हिरवी झाली होती. उजवं पान भरलं.

जून

आता तो मुद्दा. कोणत्या काळाबद्दल तक्रारी जास्त, हे ओळखीच्या बागवाल्यांकडून ऐकत आलोय. माझ्या मते सूत्र निवेदकात नाही, मातीच्या मालकीत आहे. थ्रोअर यांचं ‘मॅग्नोलियाज’, आर्थर बिलिट यांचं क्लॅक्स फार्म, हॅमिल्टन यांचं बार्न्सडेल, ॲलन टिचमार्श यांचं बार्लीवूड, डॉन यांचं लाँगमेडो: या सगळ्या त्यांच्या स्वतःच्या बागा. मधल्या काळातल्या बेरीफील्ड्स आणि बर्मिंगहॅममधली ग्रीनेकर या बागा मात्र कार्यक्रमासाठी उभ्या केलेल्या. स्वतःच्या बागेत फसलेलं झाड पुढच्या वर्षीही डोळ्यांसमोर असतं. लाँगमेडोतल्या बॉक्स या झुडपाच्या कुंपणांना ब्लाइट हा बुरशीचा रोग लागला आणि ती काढावी लागली. त्या नुकसानीतून मी जेवढं शिकलो तेवढं दहा सुंदर बागांच्या सफरीतून शिकलो नाही. तयार केलेल्या बागेचा करार संपला की चुकाही तिथेच राहतात.

आता माझ्याच सूत्राविरुद्ध एक गोष्ट. ग्रीनेकरला लोकांनी फार झोडपलं: बालवाडीचा वर्ग वाटतो, आम्हाला काय कुदळ धरता येत नाही? पण तेव्हाचे निवेदक टोबी बकलंड तिथे 2009 आणि 2010 मध्ये रिकाम्या जागेवरून सुरुवात करत होते, आणि नवीन घर घेतलेल्या माणसासमोर रिकामी जागाच असते. जुने भाग मिळतील तसे मी पाहिले. चिकणमाती असलेल्यांनी ते एकदा बघावेत. उलट लाँगमेडो सुमारे दोन एकरांचं. तिथे ‘एका कोपऱ्यात लावून टाका’ म्हणतात तो कोपरा माझ्या अख्ख्या अंगणाएवढा असतो.

ऑगस्ट

अर्ध्या तासाचा कार्यक्रम तासाचा झाला, ही हल्लीची मोठी तक्रार. वाढलेल्या वेळेत पाणी घातलं, म्हणतात. संथ चित्रण, फुलावरची मधमाशी, मागे पियानो. बरोबर आहे, माझी डावी पानंही तिथे पातळ होतात. पण 2020 च्या टाळेबंदीत प्रेक्षकांनी फोनवर टिपलेल्या आपापल्या बागा दाखवायला लागले, ते मला भरणा वाटत नाही. बाल्कनीतले टोमॅटो, मागच्या पायरीवरचं भाजीचं टब. चित्र हलतं, आवाज वाऱ्यात जातो, पण माणूस सांगतो काय तर ‘पहिल्यांदा मेलं, मग असं केलं’. वरचं सूत्र इथे पुन्हा लागू: माती त्याची, नुकसान त्याचं.

त्यातूनच सुचलं म्हणून टबात मेथी पेरली, घराच्या सावलीत. उन्हातली लगेच फुलावर गेली होती. सावलीतली दोन वेळा खुडून झाली. हे डाव्या पानावर कुणीच दाखवलेलं नाही. तरी उजव्या पानावर लिहिलं, नियम मोडून.

सप्टेंबर

न छाटलेले सेडम पावसाने मधोमध फाकले, सुतळीने बांधावे लागले. छाटलेले दोन्ही ताठ उभे, गड्डा गच्च, फुलं आत्ता कुठे गुलाबी व्हायला लागली आहेत. आजोबा आले होते, मी दोन्ही दाखवले. बराच वेळ बघून म्हणाले, की थ्रोअर असते तर चारही छाटायला लावले असते. पुढच्या मेमध्ये एक गड्डा तिसऱ्या हिश्शावर आणि एक निम्म्यावर छाटून बघणार. बाकीचे दोन आजोबांसाठी.