एका भिंतीसाठी पाच चकरा

गल्लीतल्या पोरांची चित्रं सरकारी भिंतीवर रंगवली. रंग चार दिवसांत लागला. परवानगीला सात आठवडे लागले. म्हणून लिहितेय, नाहीतर लिहिलंही नसतं.

आमची गल्ली नागपुरातली, इंदोरा आणि जरीपटक्याच्या मधली. एका टोकाला विहार, दुसऱ्या टोकाला फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची घरं, मधे हलबा, मुस्लिम आणि दोन ख्रिस्ती घरं. गल्लीतल्या पोरांना कोणाच्या घरी कोणती सायकल आहे ते ठाऊक, पण त्या घरात काय चालतं ते नाही. म्हणून रविवारी प्रत्येकाला एकेका दुसऱ्याच घरी धाडलं. अट एवढीच, की तिथे दिसलेली एक गोष्ट कागदावर काढायची. हे सगळं मजेत झालं.

घोडं पेंड खाल्लं ते ही चित्रं जिथे रंगवायची, त्या कोपऱ्यावरच्या सरकारी भिंतीपाशी. पहिल्या चकरेत साहेब साइटवर. दुसरीत, 'ही भिंत आमच्याकडे येत नाही, त्या टेबलाला विचारा.' त्या टेबलाने पुन्हा पहिल्याकडे पाठवलं. तिसऱ्या चकरेत अर्जच सापडेना, आणि माझ्याकडे आवक क्रमांक नव्हता. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक पडल्याशिवाय खिडकी सोडू नका हो! मी सोडली आणि सगळं पहिल्यापासून केलं.

चौथ्या वेळी एकदाची चित्रं बघितली गेली. 'हे धार्मिक होऊन राहिलं न मॅडम,' म्हणत लाल पेन निघालं. पंचशील ध्वजावर फुली. ईदच्या चंद्रावर फुली. तुळशीवृंदावन, नाताळचा तारा, फुली, फुली. मी तिथेच आवाज चढवला. त्याचा फायदा असा झाला, की फाइल आणखी दहा दिवस खाली गेली.

घरी पोरं हिरमुसली. त्यातली एक नऊ वर्षांची म्हणाली, 'मंग काकू, गच्च्या काढू ना. तिथं तर नुसतं वाळवण असते.' खरंच की! कुरड्या, मुगवड्या, सांडगी मिरची, शेवया, सिंधी पापड, सगळं एकाच उन्हात. पाचव्या चकरेत सही झाली.

रंग मात्र थंडीत लावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, रंग ब्रशवरच सुकतो आणि पोरं आजारी पडतात ते वेगळं. पोपडे खरवडून प्रायमरचा हात आधी मारायचा. आम्ही घाई केली, तर दोन पापड पावसाळ्यात गळून पडले.

पहिल्या गठ्ठ्यातला एक कागद फुलीतून सुटला होता, मासा. 'हे चालते,' म्हणाले, तलावातला समजून. सिंधी लोकांचे देव झुलेलाल माशावर बसून येतात, हे काढणाऱ्या पोराला सिंधी आजींनी सांगितलं होतं. मी टेबलासमोर तोंड उघडलं नाही. आता तो मासा कुरड्यांच्या वर पोहून राहिला आहे. आजी सकाळी दूध आणायला जाताना त्याला हात लावूनच पुढे जातात.