हंगामाचा सण

दिवाळी उलटली, बाजरीची खळी झाली की आमच्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून हंगामाच्या सणाची तारीख ठरते. आमच्याकडे म्हणजे नगर जिल्ह्यात. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं, तोंडात मात्र अजून नगरच येतं. नाताळ साऱ्या जगाचा. हंगामाचा सण शेतात राबणाऱ्या मंडळीचा. देवावर विसंबून कसं जगायचं, याचे माझे बहुतेक धडे या सणात झालेले आहेत.

नेवासे तालुक्यातलं आमचं गाव, वडाळा मिशनपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. दगडी भिंती, वर पत्रा, आत सतरंज्या, असं आमचं साधं चर्च. सणाच्या आदल्या दिवशी आम्हा पोरींकडे अंगण सारवायचं काम असे. मोठी पोरं दाराच्या दोन्ही अंगांना कणसांसकट बाजरीची ताटं बांधत आणि झेंडूची तोरणं चढवत. पुढे मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी शिवारात आलं तसा दाराशी ऊस दिसू लागला.

रविवारी सकाळी वस्तीतून दिंडी निघायची. पुढे टाळ, मृदंग आणि गळ्यात अडकवलेली पेटी, मागे डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया. पाटीत पायली-दोन पायली बाजरी, भुईमूग, मूग, वांगी, शेवग्याच्या शेंगा. कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या हातात दावं आणि दाव्याला बोकड. माझी आत्या दरवर्षी भोपळा आणायची आणि तो एवढा मोठा असायचा, की चर्चच्या पायरीवर दुसऱ्या कुणाला तरी हात लावावा लागे. हे सगळं पुढच्या टेबलावर आणि टेबलाखाली मांडलं जाई. मग पाळकसाहेब बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय उघडत. पहिल्या उपजाची टोपली देवापुढे ठेवताना इस्राएली माणसानं काय बोलायचं, ते तिथं सांगितलं आहे. आमचे पूर्वज मिसरात गुलाम होते, आम्ही हाक मारली, देवानं ऐकलं, आणि म्हणून ही टोपली.

हा अध्याय वाचला जाताना आजी डोळ्याला पदर लावायची. लहानपणी वाटायचं, म्हातारपणामुळे डोळ्यांना पाणी येत असेल. कारण खूप पुढे कळलं. आमची घरं गावकुसाबाहेरची. खळ्याच्या दिवसांत आजीचे आई-बाप बलुत्यासाठी दुसऱ्याच्या खळ्याच्या कडेला उभे राहत, आणि जे पदरात पडेल ते घेऊन येत. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली नगरला आले. त्यांच्या शाळा पुढे आमच्या वस्त्यांपर्यंत पोचल्या आणि पिढीमागून पिढी शिकली, हे खरंच. पण आजीला त्यापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच वाटायची. "आम्ही खळ्यावर उभे राहायचो ते मागायला," ती म्हणायची. "देवानं आम्हाला द्यायला उभं केलं." तिच्या टोपलीत शेरभर मटकी असली तरी ती मान ताठ ठेवून टेबलापर्यंत चालत जायची.

उपासना संपली की लिलाव. "एक वार, दोन वार" म्हणायला आवाजाचा धनी हवा. ते काम वर्षानुवर्षं मिशनच्या शाळेतल्या एका गुरुजींकडे होतं. आत्याच्या भोपळ्यावर बोली लागे, कुणी तरी तो घेई आणि तिथल्या तिथं मंडळीला परत देई. पुन्हा बोली. असं चारदोनदा झालं, की भोपळा शेवटी एखाद्या निराधार म्हातारीच्या घरी जाई आणि पैसे मंडळीच्या खात्यात. घेणाऱ्याला ठाऊक असे की आपण भोपळ्याची किंमत मोजत नाही आहोत, आणि कुणाच्या घरी चूल पेटत नाही हेही सगळ्यांना ठाऊक असे. एरवी गावात कुणाला मदत करायची, तर घेणाऱ्याची मान खाली जाते. लिलावातून आलेला भोपळा ती म्हातारी देवाच्या घरचा म्हणून घेऊन जायची.

दुपारी पंगत, आणि पंगतीनंतर बायांची सभा. मला ही सभा फार आवडायची, कारण तिथं पुरुष माणूस नसे आणि बाया मोकळं बोलत. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधून एखादी बाई बोलायला आली, तर विचारूच नका. हे केडगाव दौंडजवळचं, आमच्या नगरजवळचं नव्हे. रमाबाईंची गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती, की पुढचं वाक्य आम्हाला पाठ असे. १८८९ साली मुंबईत शारदा सदन, मग पुणं, मग १८९६-९७च्या दुष्काळात आणलेल्या शेकडो उपाशी मुली. शेवटची वर्षं बायबलाच्या मराठी भाषांतरात गेली, आणि मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवायला मुलीच. १९२१ साली लेक मनोरमा गेली, दुसऱ्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. पण त्याआधी त्यांनी भाषांतराचं काम पुरं केलं होतं. ही गोष्ट ऐकताना समोर बसलेल्या बाया माना डोलवायच्या त्या पांडित्यासाठी नव्हे. एवढ्या पोरींच्या तोंडात उद्या काय घालायचं हे ठाऊक नसताना ती बाई रात्री गुडघ्यावर बसायची आणि सकाळी उठून कामाला लागायची, हे त्यांना आपल्या घरातलं वाटायचं.

त्याच सभेत साक्षी व्हायच्या. साक्ष म्हणजे वर्षभरात देवानं काय केलं ते उभं राहून सांगायचं. कुणाची म्हैस मरता मरता वाचली, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटली, कुणाचा पोरगा दहावीला दुसऱ्या वेळी सुटला. साध्या गोष्टी, पण ऐकणाऱ्या बाईला घरी जाताना बळ मिळायचं. एका वर्षी आमच्या शेजारची एक बाई उठली. पावसाळ्यात तिचा चार वर्षांचा मुलगा तापानं गेला होता. सभा एकदम गप्प झाली. ती म्हणाली, "मी जे मागितलं ते मला मिळालं नाही. पण त्या रात्री मी एकटी नव्हते. एवढंच सांगायचंय." आणि खाली बसली. पाळकीणबाई काही बोलल्या नाहीत, वचन वाचलं नाही. त्या फक्त उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या, आणि मागच्या ओळीतल्या दोघी-तिघी पुढे सरकल्या.

ही साक्ष ऐकलेली असल्यामुळे हल्लीच्या काही सभांमधून जे सांगितलं जातं ते मला पटत नाही. विश्वास धरा, मग धंदा वाढेल, व्हिसा मिळेल, आजार जाईल. देव देतो, त्यानं मलाही भरपूर दिलं आहे. पण ज्या बाईचा मुलगा गेला तिचा विश्वास कमी पडला, असं या बोलण्यातून निघतं, आणि तिला तसं सुचवायची कुणाची छाती होत असेल तर मला त्याचं दुःख वाटतं. तिच्याइतका घट्ट विश्वास मी फार थोड्या माणसांत पाहिला.

रात्री गॅसबत्तीच्या उजेडात कीर्तन. ख्रिस्ती कीर्तनाची आमच्या नगरकडची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. त्यात नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन नगरला आले, राहुरीलाही राहिले, आणि येशूची भक्ती अभंगांच्या चालीवर घरोघर पोचली. बुवा पांढरं धोतर नेसून, उपरणं घेऊन, चिपळ्या वाजवत उभे राहत. हंगामाच्या सणाला आख्यान बहुधा बायबलातल्या रूथचं. परदेशी विधवा सून, म्हातारी सासू नामी, आणि बवाजाच्या शेतात सरवा वेचणं. सरवा म्हणजे काय ते आमच्या बायांना समजावून सांगावं लागत नसे. कापणीनंतर रानात पडलेली कणसं वेचून त्यांनीही पोरं जगवली होती. रूथसाठी मुद्दाम थोड्या पेंढ्यांतली कणसं गाळून ठेवा, असं बवाज गड्यांना सांगतो. त्या जागी बुवा थांबत, पेटीवाला सूर धरून ठेवी, आणि बायांच्या बाजूनं "हालेलुया" उठे.

आणि मग १९७२ साल आलं. दोन वर्षांपूर्वीच नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली होती. मोठी माणसं नव्या घटनेची, नव्या नियमांची चर्चा करत होती. पाऊस गेला आणि ती चर्चा थांबली. त्या वर्षी खळंच झालं नाही. विहिरींचे तळ दिसू लागले, जनावरं बाजारात मातीमोल गेली, आणि आई-बाबा दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. आईच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. आम्हा पोरांना सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, आली, तिची भाकरी नीट थापली जात नसे.

सण करायचा की नाही, यावर मंडळीची बैठक बसली. काही वडील म्हणाले, टेबलावर काय ठेवायचं? उपकारस्तुती कशाची करायची? त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पाळकसाहेबांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, दर वर्षी अनुवाद वाचतो, यंदा बायबलातलाच हबक्कूक संदेष्टा वाचू.

रविवार म्हणून कामाला सुट्टी होती. टेबल मोकळं राहील असं वाटलं होतं, ते राहिलं नाही. फडक्यात बांधलेली मिलो आली. चिंचा आल्या. शेळीचं तांब्याभर दूध आलं. कसल्याही दुष्काळात फुलणारा तरवड पोरींनी माळावरून आणला आणि टेबलाची कड पिवळी केली. बाबांनी खडी फोडायचा हातोडा नेऊन ठेवला. दांड्याला जिथं मूठ बसते तिथं लाकूड घामानं काळं आणि गुळगुळीत झालं होतं. देवानं या वर्षी काय दिलं, तर हे काम दिलं, एवढंच ते म्हणाले. हातोड्याचा लिलाव झाला नाही. सोमवारी तो लागणार होता.

गुरुजींनी हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचला. अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. "गोठ्यात गुरं नाहीत" इथं त्यांचा आवाज अडला, कारण त्यांनी त्याच आठवड्यात बैलजोडी विकली होती. ओळ पुरी करायला त्यांना थोडा वेळ लागला आणि मंडळी थांबून राहिली.

साक्षीच्या वेळी आई उठली. ती एरवी चारचौघांत बोलत नसे. "आज सकाळी घरात पीठ होतं," ती म्हणाली. "उद्याचं देव बघेल, आणि मी कामावर जाईन." "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" ही ओळ मी रोज संध्याकाळी घडाघडा म्हणत होते. तिच्यातला "आज" मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. लिलावातली मिलो गुरुजींनी घेतली आणि मोठ्या पातेल्यात रटरटायला पाठवली. मिलोच्या कण्या आणि चिंचेचं सार, अशी त्या वर्षीची पंगत झाली. वस्तीवरची दुसऱ्या धर्माची शेजारी मंडळीही जेवायला होती. कुणाला नाही म्हटलं नाही, आणि पातेलं पुरलं.

आता मी पुण्यात असते, पण सणाला जाते. मंडळीतली निम्मी पोरं चाकणला आणि रांजणगावला कंपन्यांत आहेत. ती मोटारसायकलवर येतात आणि लिलावात जोरदार बोली लावतात. परदेशी गेलेला एक जण फोनवरून बोली लावतो. अडचणींचं रूप बदललं आहे. साक्षीत आता घराचे हप्ते येतात, कंत्राट संपल्याचं येतं, आईच्या डायलिसिसचं येतं. एका वर्षी परतीच्या पावसानं सोयाबीन उभ्या रानात कुजलं, तर एका तरुण शेतकऱ्यानं काळ्या पडलेल्या शेंगांची पाटी तशीच आणून टेबलावर ठेवली. पाळकसाहेब आता वेगळे आहेत, वयानं माझ्या मुलासारखे. त्यांनी कुणी न सांगता हबक्कूक काढला. त्या पाटीवर बोली लागली आणि चांगली लागली. सभा संपल्यावर दोघं जण त्या पोराला बाजूला घेऊन पीकविम्याचे कागद भरायला बसले. प्रार्थना झाली होती, आता कागद. माझी आई असती तर तिला हे फार आवडलं असतं.

परवा आत्याचा फोन आला. नव्वदीला टेकली आहे, पण आवाज खणखणीत. यंदा सण नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी ठरलाय. भोपळा वेलावर आहे, अजून दोन-तीन आठवडे ठेवणार आहे. पेटीचा भाता फाटलाय, तो दुरुस्त करून घ्यायला तिनं पेटी माझ्या भाच्याबरोबर पुण्याला धाडली आहे. काल ती कारागिराकडे टाकली. तो म्हणाला, दोन सूरही बसलेत, तेही बघावे लागतील. बघा म्हटलं, पण सणाच्या आधी द्या; रूथचं आख्यान आहे.