होलोकोची ओटी

हंगेरीतलं होलोको हे गाव मला आवडलं ते तिथल्या ओट्यांमुळे. पांढऱ्याशुभ्र भिंती, घराच्या अख्ख्या लांबीला लागून लाकडी खांबांची ओटी, तिच्यावर पुढे आलेलं कौलारू छप्पर, आणि कठड्याच्या फळ्यांमध्ये कापून काढलेली नक्षी. आमच्या करावे गावात आजीच्या घराला ओटी होती. नक्षी नव्हती, पण सुकट निवडणं, पोरांना भरवणं, भांडणं आणि समेट, सगळं तिथंच.

ऑफिसच्या कामासाठी बुडापेस्टला गेले होते. सुट्टीच्या दिवशी ईशान्येकडे जाणारी बस धरली. शंभरेक किलोमीटर, चेरहाट टेकड्यांमधून. गाव पालोत्स या हंगेरियन समाजाचं. त्यांची बोली वेगळी, पेहराव वेगळा. जुन्या भागात पन्नास-पंचावन्न घरं. दगडी रस्ता मध्येच दोन वाटांना फुटतो आणि त्या बेचक्यात १८८९ सालचं छोटं पांढरं चर्च, वर लाकडी मनोरा. जमीन उताराची, त्यामुळे रस्त्याच्या अंगाला जोतं उंच आणि त्यातच तळघराचं दार. एका दाराच्या फळ्यांवर मी हात फिरवून पाहिला. उन्हापावसानं लाकडाच्या शिरा वर आल्या होत्या, पण बिजागऱ्यांना तेल ताजं होतं. कुणीतरी मनापासून निगा राखतंय, हे तिथंच कळलं.

हे गाव अनेकदा जळालं. पूर्वी घरं लाकडाची, छपरं गवताची. एका घरानं पेट घेतला की आळी जायची. शेवटची मोठी आग १९०९ची. त्यानंतर खाली दगडाचं जोतं आणि वर कौलं आली, पण घराची ठेवण आणि ओटी लोकांनी जुनीच ठेवली. १९८७मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं गाव हे असं, आगीनंतर पुन्हा उभं केलेलं.

तिथली एक गोष्ट मात्र थेट आमच्याकडची. वाडगे, म्हणजे घराभोवतीची आवारं, अरुंद आणि लांब. संसार वाढला की पुढची पिढी त्याच वाडग्यात मागच्या बाजूला घर बांधायची. आमच्याकडेही मुलगा वेगळा झाला की मागे खोली निघायची. मग शेतं गेली, ज्या गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली त्यात आमचंही गाव आलं, आणि मागे सरकायला जागा उरली नाही. मग घरांवर मजले चढले. मजले चढवण्याला माझा अजिबात विरोध नाही. चार भावांनी राहायचं कुठं? ओटी गेली, याचं वाईट वाटतं.

गावावर टेकडीच्या टोकाला किल्ला आहे, तेराव्या शतकातला, तातारांच्या, म्हणजे मंगोलांच्या, स्वारीनंतर बांधलेला. कावळ्यांनी, म्हणजे तिथल्या मोठ्या काळ्या डोमकावळ्यांनी, दगड उचलून नेऊन तो उभारला अशी दंतकथा. वरून शेतांच्या अरुंद पट्ट्या दिसतात. खाली येऊन पालोत्स सूप घेतलं: मटण, फरसबी, बटाटा, वरून आंबट साय. ईस्टरच्या सोमवारी इथं पोरं नटलेल्या पोरींवर बादल्यांनी पाणी ओततात आणि पोरी त्यांना रंगवलेली अंडी देतात. ते पाहायला मला परत जायचंच आहे.

आत्याला फोटो दाखवले. तिचा पहिला प्रश्न, "तं त्या घरान कोन रेतंय का नुसती बघाला ठेवलीन?" प्रश्न नेमका होता. जुन्या आळीत कायम राहणारे आता थोडेच. बरीचशी घरं पाहुण्यांसाठी, संग्रहालयासाठी किंवा कारागिरांसाठी आहेत, आणि गावकरी बहुतेक नव्या भागात राहतात. मला करावेचं असं व्हायला नको आहे. आमच्या घरात माणसं राहायला हवीत, आणि त्यांना बसायला ओटी हवी.

चुलतभाऊ यंदा घर पाडून नवं बांधतोय. तळमजल्यावर रस्त्यापर्यंत गाळा काढला तर भाड्यातून कर्जाचा हप्ता सुटतो, हे त्याचं म्हणणं, आणि ते खरं आहे. मी त्याच्याकडे पुढची फक्त चार फूट मागितली आहेत, वर स्लॅब चालेल, पण खाली बसायला कट्टा आणि कडेला दोन लाकडी खांब. नकाशा अजून मंजुरीला गेलेला नाही. वहिनी माझ्या बाजूनं आहे.